ब्रदर ब्रॉडनॅक्सची असमाधानकारक कामगिरी

वेंडेल ब्रॉडनॅक्सची सरकारी नोकरी गेली गुरुवारी दुपारी, आणि पहिला हॅम त्याच्या दारात आला तो त्याच संध्याकाळी. मधात भाजलेला, लवंगा टोचलेला, डुकराच्या अख्ख्या मांडीचा चांगला मोठा हॅम. तो घेऊन शेजारचे सीफस गॅस्किन्स पायरीवर उभे होते. जन्मभर पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस एरवी टोपी झोपतानाच काढतो अशी ख्याती होती. आज त्यांनी ती काढून काखेत धरली होती. त्या आळीत टोपी अशी एकाच प्रसंगी काढतात. वेंडेलने नकळत मागे वळून घरात पाहिलं, कोणी गेलं की काय म्हणून.

"कळलं मला," गॅस्किन्स हलक्या आवाजात म्हणाले. "अर्लीन कशी आहे?"

"बरी आहे. मिस्टर गॅस्किन्स, मी जिवंत आहे."

"पहिल्या दिवशी सगळ्यांना असंच वाटतं," गॅस्किन्स म्हणाले आणि हॅम घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले.

त्यांच्यामागून मॅकरोनी-चीजचे दोन ट्रे आले, मग तळलेल्या कोंबडीची बादली, मग रताळ्याच्या पाई. वॉशिंग्टन शहराभोवतीच्या रिंगरोडबाहेरच्या त्या वस्तीत दर दुसऱ्या घराला सरकारी पगाराचा टेकू होता. बाहेरच्या जगाने यांच्या ज्या काळ्या बापजाद्यांना दारातही उभं केलं नाही, त्यांना सरकारने खुर्ची दिली, पेन्शन दिली, अंगणासकट घर घेण्याची ऐपत दिली. तिथे सरकारी नोकरी कधी जात नसे. माणूस जाई, नोकरी राही. त्यामुळे असं उलटं झाल्यावर काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यांनी मिळून सुतक पाळायचं ठरवलं.

वेंडेल मात्र प्रत्येक ट्रेकडे भेदरून बघत होता. त्याच्या शेती खात्यात दरवर्षी नीतिमत्तेचं प्रशिक्षण असे. वीस डॉलरांच्या वरची भेट कोणाकडून घ्यायची नाही, हा त्यातला पहिला धडा. इतर लोक त्या वेळी मोबाइल बघत, वेंडेल टिपणं काढी. "हा हॅम वीस डॉलरांच्या आत बसणार नाही," तो अर्लीनला कुजबुजत म्हणाला.

"तुला सरकारने काढलंय वेंडेल," अर्लीन म्हणाली. ती एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसे आणि दुखणाऱ्या माणसाशी सावकाश बोलायची तिला सवय होती. "आता तू हत्तीसुद्धा भेट घेऊ शकतोस. ताट घे आणि जेव."

त्याने ताट घेतलं आणि तसंच बाजूला ठेवलं. खात्याच्या पत्रातलं एक वाक्य त्याच्या डोक्यात अडकून बसलं होतं. 'आपली कामगिरी असमाधानकारक आढळल्याने आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' वेंडेलची कामगिरी म्हणजे डबाबंद भाज्यांची प्रत ठरवणं. देशातला वाटाणा डब्यात गेला की तो पहिल्या प्रतीचा की दुसऱ्या, हे वेंडेल आणि त्याचे सहकारी सांगत. हसणाऱ्यांनी हसावं. पण कुणाच्या तरी मुलाच्या शाळेच्या ताटात कडक, पिवळा वाटाणा पडला नाही, त्यामागे हा माणूस आयुष्यभर उभा होता. गेल्या वर्षी त्याला बढती मिळाली. बढती म्हणजे नवी जागा, नवी जागा म्हणजे वर्षभर उमेदवारी, आणि उमेदवार म्हणजे नवखा. वरून नवख्यांना काढायचा हुकूम आला तेव्हा केस पिकलेला वेंडेल नवख्यांत सापडला. सगळ्यांना एकच पत्र गेलं होतं, फक्त नावं बदलून. हे त्याला कळत होतं. तरी ते वाक्य आपल्याचबद्दल आहे असं त्याला वाटे, आणि घरातल्या बोळात ओळीने टांगलेल्या प्रशस्तिपत्रकांसमोरून जाताना तो मान खाली घालू लागला.

त्याला रागही आला नाही आणि रडूही आलं नाही. तो नुसता सुन्न झाला, आणि सुन्न झालेल्या सरकारी माणसाला जे सुचतं तेच त्याला सुचलं. एखादा अर्ज भरावा.

बेकारांना राज्याकडून भत्ता मिळतो. घराचे हप्ते होते, मुलीची कॉलेजची शेवटची सहामाही होती, तेव्हा भत्ता हवाच होता. पण वेंडेलचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. नोकरी स्वतःच्या चुकीने गेली असेल तर भत्ता नाही, असा नियम आहे. म्हणजे राज्याला आधी चौकशी करून चूक कोणाची ते ठरवावं लागतं. केंद्र सरकारने आपल्याला नापास केलं, तर राज्य सरकारकडून पास करून घ्यायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. अर्लीनला ते न सांगता कळलं.

गॅस्किन्स दुसऱ्या दिवशी सकाळी सल्ला घेऊन आले. आपलाच हॅम कापून पावात घालत ते म्हणाले, "मन लावून ऐक. सरकारी प्रश्नाला दोनच उत्तरं असतात, हो आणि नाही. तिसरं दिलंस की मेलास. माझ्या साडूने तिसरं उत्तर दिलं होतं. अजून त्याला पत्रं येतायत, आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली."

"पण 'नोकरी का गेली' या प्रश्नाला हो-नाही कसं लिहिणार?"

"तिथे 'काम संपलं' वर खूण कर. सगळे तेच करतात."

"काम संपलेलं नाही. वाटाणा येतोच आहे."

गॅस्किन्सनी पाव खाली ठेवला आणि अर्लीनकडे असं पाहिलं, जणू पेशंट हाताबाहेर गेलाय.

अर्ज संगणकावर भरायचा होता. आधी चेहरा दाखवायचा. चष्मा काढा, अशी सूचना आली. वेंडेलने काढला. त्यानंतरच्या सूचना त्याला दिसेनात. अर्लीन त्या मागून वाचून दाखवू लागली, तर यंत्र म्हणालं, चौकटीत दोन चेहरे आहेत. ती टेबलाखाली बसली आणि तिथून ओरडून सांगू लागली. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, हसू नकोस. हसण्याचा प्रश्नच नव्हता. बराच वेळ विचार करून यंत्राने निकाल दिला, की हा चेहरा वेंडेल ब्रॉडनॅक्स यांच्या नोंदीतल्या चेहऱ्याशी जुळत नाही.

"जुळणार कसा?" अर्लीन टेबलाखालून निघत म्हणाली. "गुरुवारपासून दहा वर्षांनी म्हातारा झालायस."

संध्याकाळी दाढी करून, कोट घालून तो पुन्हा बसला तेव्हा यंत्राने त्याला ओळखलं. मग तो प्रश्न आला. वेंडेलने 'काढून टाकलं' यावर खूण केली, कारण ते खरं होतं. खाली कारण लिहायला एक चौकट होती. तिच्यात त्याने पत्रातलं वाक्य जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत उतरवलं. त्यापुढे आपली बाजू मांडायला सुरुवात केली, तर चौकट भरली. यंत्र पुढे अक्षर घेईना. पत्रातलं वाक्य आत गेलं होतं आणि वेंडेलची बाजू बाहेर राहिली होती. आता मागे जायची सोय नव्हती. त्याने अर्ज पाठवला आणि पुढचे काही दिवस फोन उशाशी घेऊन झोपला.

फोन त्यालाच करावा लागला. पियानोचं तेच तेच संगीत दुपारभर ऐकल्यावर एक बाई बोलली.

"तुमचा अर्ज अडलाय, सर. कामगिरी वाईट होती म्हणून."

"असं कोण म्हणतं?"

"तुम्हीच लिहिलंय."

"ते अवतरणचिन्हांत आहे, मॅडम. ते त्यांचं म्हणणं आहे."

"आमच्याकडे अवतरणचिन्हं दिसत नाहीत, सर."

बाई चांगली होती. ती म्हणाली, आम्ही तुमच्या खात्यालाच विचारतो, तिथे अशा पत्रांना उत्तर कोण देतं?

"मिस हॅगर्टी देत. त्यांनाही काढलं. त्यांचाही अर्ज तुमच्याचकडे असेल."

पलीकडे कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज आला. मग तो थांबला. "असं दिसतंय खरं," बाई म्हणाली. "त्यांचा अर्जही अडलाय. त्यांच्या खात्याकडून उत्तर येत नाही म्हणून."

इथवरचं सगळं एकवेळ सरकारी गोंधळ म्हणून खपून गेलं असतं. पण वेंडेल नुसता सरकारी माणूस नव्हता, तो ग्रेटर एलिम बाप्टिस्ट चर्चचा द्वारपालही होता, आणि तिथे सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत. दर रविवारी पांढरे हातमोजे घालून, डावा हात पाठीमागे ठेवून तो दारात उभा राही, लोकांना जागा दाखवी, पुठ्ठ्याचे पंखे वाटी आणि दानाची थाळी बाकांमधून फिरवी. द्वारपाल बोलत नाहीत. त्यांचं सगळं बोटांच्या खुणांवर चालतं, आणि त्या खुणा करतात सिस्टर ओडेसा पिंकनी. वय अठ्ठ्याहत्तर, उंची बेताची, टोपी मोठी. प्रार्थना चालू असताना चर्चमधलं पानही सिस्टर पिंकनींच्या परवानगीशिवाय हलत नाही, आणि वेंडेल दारात जसा उभा राहतो त्यात त्यांना इतक्या वर्षांत एकदाही समाधान वाटलेलं नाही.

त्या रविवारी नेहमीची थाळी फिरून झाल्यावर रेव्हरंड मोस्बी पुढे आले. रेव्हरंड धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. "आज आणखी एक थाळी फिरेल," ते म्हणाले. "आपल्यातल्या एका भावावर वेळ आलीय. ही त्याच्यासाठी प्रेमाची वर्गणी. नाव मी घेणार नाही. ब्रदर ब्रॉडनॅक्सला संकोच वाटेल."

वेंडेल मधल्या वाटेवर, हातात थाळी घेऊन उभा होता.

त्याने मान वळवून सिस्टर पिंकनींकडे पाहिलं. थाळी दुसऱ्या कोणाला द्यावी, आपण बाहेर जावं, जमिनीत जावं, असं काहीतरी त्याच्या नजरेत होतं. सिस्टर पिंकनींनी दोन बोटं उचलली. दोन बोटं म्हणजे पुढे चला. त्यांच्या हुकमाला अपील नाही. वेंडेल निघाला. डावा हात पाठीमागे, मान ताठ, आणि उजव्या हातात स्वतःसाठी पसरलेली थाळी. बाकामागून बाक. लोक नोटा टाकत होते, त्याच्या हातमोज्यावर थोपटत होते, बायका डोळे पुसत होत्या. ज्या माणसाने आयुष्यात शेजाऱ्याकडून साखरही उसनी आणली नाही, तो सगळ्या ओळखीच्या माणसांसमोर भिक्षा मागत फिरला, आणि तीही शिस्तीत. शेवटच्या बाकाशी पोचला तेव्हा त्याचे कान तापले होते आणि समोरचं काही दिसत नव्हतं. पैसे मोजायच्या खोलीत तो नेहमी असे. त्या दिवशी, आपले यात हितसंबंध गुंतलेले आहेत असं सांगून, तो बाहेर गाडीत जाऊन बसला.

भत्ता मिळो न मिळो, दर आठवड्याला राज्याला एक जबाब द्यावा लागतो. या आठवड्यात काही उत्पन्न मिळालं का? वेंडेलने लिहिलं, हो. कोणाकडून? चर्चकडून. गॅस्किन्स त्या वेळी नेमके दाढ उपटून घ्यायला गेले होते, नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं. पुढचा प्रश्न होता, कोणतं काम केलं? ही चौकट रिकामी सोडता येत नव्हती. रिकामी सोडली की लाल होई. वेंडेलने प्रामाणिकपणे लिहिलं, 'दर रविवारी दारात उभा राहतो, लोकांना जागा दाखवतो, थाळी फिरवतो.' शिवाय इतर प्राप्ती या सदरात त्याने हॅम लिहिला, पाई लिहिल्या, आणि किंमत माहीत नसल्यामुळे त्यांची प्रत लिहिली. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. वेंडेलच्या मते हा नियम होता.

आठ-दहा दिवसांनी रेव्हरंड मोस्बी त्याच्या दारात आले. हातात लिफाफा, चेहरा पांढरा पडलेला, म्हणजे त्यांच्या चेहऱ्याला जितका पडता येईल तितका.

"ब्रदर ब्रॉडनॅक्स," ते खुर्चीत बसत म्हणाले, "मला आजवर देवाने प्रश्न विचारले, बायकोने विचारले. राज्याने पहिल्यांदाच विचारलाय. म्हणतायत, तुम्ही माझे नोकर आहात."

"मी?"

"थाळी फिरवायचे. आणि तुमच्या नावाने बेकारी विमा का भरला नाही, याचा खुलासा मागितलाय. शिवाय चर्चच्या दारात आणखी किती नोकर आहेत तेही विचारलंय." रेव्हरंडांनी घाम पुसला. "सिस्टर पिंकनींना मी काय सांगू? त्या नोकर आहेत म्हणून?"

ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि अर्लीनने रेव्हरंडांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. वेंडेलच्या नावाचंही एक पत्र त्याच टपालाने आलं होतं. आपण सध्या कामावर आहात, आणि आपल्या आधीच्या कामाविषयीही शंका आहे, सबब भत्ता थांबवला आहे, येत्या बुधवारी फोनवर सुनावणी होईल. त्याखाली एक प्रश्न होता: हॅम हा नियमित मिळतो का?

अर्लीनने ते पत्र दोनदा वाचलं. ती रागावली नाही, यानेच वेंडेल घाबरला. "मी तुझ्याशी लग्न केलं ते तू खोटं बोलत नाहीस म्हणून," ती म्हणाली. "आता वाटतं, थोडंसं बोलणारा बघायला हवा होता."

तोडगा गॅस्किन्सनी काढला. आदल्याच दिवशी त्यांची दुसरीही दाढ उपटली होती, आणि तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे ते नेहमीपेक्षा थोडक्यात बोलले. "राज्याला एकच भाषा कळते. काढून टाकणं. चर्चने याला काढून टाकावं. कागद द्यावा. कागद मिळाला की हा पुन्हा बेकार. मिटलं."

रेव्हरंडांना ते पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. मंगळवारी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये द्वारपालांची सभा भरली. सभेचं टिपण लिहायचं काम नेहमी वेंडेलकडेच होतं आणि दुसरं कोणी लिहायला तयार होईना, तेव्हा आपल्या बडतर्फीचं टिपण लिहायला तोच पेन घेऊन बसला. अर्लीन शेजारी बसली.

"कागदावर कारण लागेल," रेव्हरंड म्हणाले. "ब्रदर ब्रॉडनॅक्सच्या कामात काही किरकोळ उणीव कोणाला आठवते का? अगदी नावापुरती."

क्षणभर सगळे संकोचले. मग सिस्टर पिंकनी उठल्या.

"उशिरा येणाऱ्यांना हा पुढच्या बाकावर नेऊन बसवतो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोरून. उशिरा आलेल्याला मागे बसवायचं असतं, म्हणजे त्याला लाज वाटेल. प्रार्थनेच्या वेळी खोकल्याची गोळी खातो, तिचा कागद वाजतो. खूण केली की आधी विचार करतो, मग हलतो. लिहून घे बाळा, सावकाश सांगते."

वेंडेल लिहीत होता.

बांध फुटावा तसं झालं. एक म्हणाला, हा थाळी फार हळू फिरवतो, माणसाला बळंच जास्त टाकावं लागतं. दुसरी म्हणाली, माझ्या बहिणीच्या लग्नात याने वराच्या आईला खांबामागे बसवलं. गॅस्किन्सही बोळा सावरत उठले. "उन्हाळ्यात मला पंखा मागितल्याशिवाय देत नाही. शेजारी असून." वेंडेलने तेही लिहिलं. त्याला धक्का बसला होता, पण टिपण अपुरं ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. या सगळ्यांच्या घरी आपण वर्षानुवर्षं जेवलो, यांच्या मयतीला खांदा दिला, आणि यांच्या मनात ही यादी होती, हे त्याला नवीनच कळत होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे, सगळं खरं होतं.

"एवढं सगळं कागदावर कशाला?" गॅस्किन्स म्हणाले. "सरकारी भाषेत एका ओळीत बसतं. 'कामगिरी असमाधानकारक.' त्यांना लगेच कळेल."

वेंडेलचं पेन थांबलं.

इतका वेळ चाललेला पेनाचा आवाज थांबला, म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते शब्द लिहायचा प्रयत्न केला. पहिलं अक्षर झालं. पुढे हात जाईना. अर्लीनने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे असं पाहिलं की गॅस्किन्स खाली बसले.

रेव्हरंड खाकरले. "ठराव मांडलेला आहे. अनुमोदन कोण देतं?"

वरच्या मजल्यावर कोणीतरी पियानोचा सराव करत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. रेव्हरंडांनी पुन्हा विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"सिस्टर पिंकनी?" रेव्हरंड म्हणाले. "तुम्ही तर..."

"हा माणूस मला पंधरा वर्षांपासून त्या दारातून हलवायचाय," सिस्टर पिंकनी म्हणाल्या. "अजूनही हलवायचाय. पण ते मी त्याच्या तोंडावर सांगेन, दर रविवारी, देवाने बळ दिलं तर शंभरीपर्यंत. तसल्या पत्राने नाही. तसल्या पत्राने माझ्या बापाला काढलं होतं नौदलाच्या गोदीतून. माझी आई ते पत्र आम्हाला वाचू देत नसे." त्या खाली बसल्या. "पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय नव्हता. ठराव बारगळला. वेंडेलने टिपणात 'अनुमोदन नाही' असं लिहिलं आणि पुढे कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिला.

बुधवारी सकाळी सुनावणीचा फोन यायचा होता. वेंडेल कोट-टाय घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. साक्षीदार म्हणून रेव्हरंड आले होते. सिस्टर पिंकनींना कोणी बोलावलं नव्हतं, त्याही टोपीसकट आल्या होत्या. गॅस्किन्स कुंपणावरूनच आले. "हो आणि नाही," त्यांनी वेंडेलच्या कानात सांगितलं. "देवाची शपथ आहे तुला."

सुनावणी घेणाऱ्या बाईंचं नाव मिसेस डेलगाडो. आवाजावरून थकलेल्या वाटत होत्या. त्यांनी वेंडेलला शपथ दिली, मग रेव्हरंडांना दिली, आणि विचारलं, "हे गृहस्थ तुमच्याकडे नोकरीला आहेत का?"

"नाही मॅडम. ते सेवा करतात. आमच्याकडे दारात सगळे सेवाच करतात."

"मग त्यांना पैसे का दिले?"

"त्यांची नोकरी गेली म्हणून. आमच्यावर त्यांचा जीव आहे आणि आमचा त्यांच्यावर. याला कोणत्या सदरात टाकतात मला ठाऊक नाही."

"उद्या तुम्हाला वाटलं तर तुम्ही त्यांना कामावरून काढू शकता?"

रेव्हरंडांनी सिस्टर पिंकनींकडे पाहिलं. "मॅडम, काल रात्रीच प्रयत्न केला. जमलं नाही."

"ठीक," मिसेस डेलगाडो म्हणाल्या. "तो मुद्दा मी निकालात काढते. हॅमचाही काढते. आता दुसरा मुद्दा. मिस्टर ब्रॉडनॅक्स, तुमच्या खात्याकडून कोणी हजर आहे का ते बघते." त्यांनी फोन जोडला. दूर कुठेतरी घंटी वाजू लागली. वेंडेलला ती घंटी ओळखीची होती. ती कचेरीतल्या लांब बोळाच्या टोकाला, मिस हॅगर्टींच्या टेबलावर वाजत असणार, आणि टेबलाशी कोणी नसणार. ती बराच वेळ वाजली.

"कोणी उचलत नाही," मिसेस डेलगाडो म्हणाल्या. "मग तुम्हीच सांगा. खात्याचं म्हणणं आहे की तुमची कामगिरी असमाधानकारक होती. यावर तुम्हाला काही सांगायचंय?"

गॅस्किन्स मान हलवून नाही, नाही अशी खूण करत होते, म्हणजे तेवढं एकच उत्तर दे. वेंडेलने टेबलावर कागद मांडून ठेवले होते. प्रशस्तिपत्रकांच्या प्रती, वरिष्ठांचे शेरे, सगळं तारखेवार. त्याने पहिला कागद उचलला आणि तो त्याला वाचता येईना. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसत होती. चष्मा डोळ्यांवरच होता.

"मिस्टर ब्रॉडनॅक्स?"

"माझं काम चांगलं होतं," वेंडेल म्हणाला.

नोकरी गेल्यापासून हे वाक्य तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलला होता. अर्लीनलासुद्धा त्याने ते सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ येईल असं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"जरा मोठ्याने सांगाल? नोंद करायचीय."

"माझं काम चांगलं होतं, मॅडम. दररोज चांगलं होतं."

कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. "नोंदवलं," मिसेस डेलगाडो म्हणाल्या. "विरुद्ध बाजूचं कोणी हजर नाही, तेव्हा हेच ग्राह्य धरते. भत्ता मंजूर. लेखी निकाल टपालाने येईल. आणखी काही?"

अर्लीनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रेव्हरंड 'आमेन' म्हणाले. गॅस्किन्स पायरीवर जायला उठले, कारण त्यांना नाक शिंकरायचं होतं आणि ते लोकांसमोर शिंकरत नसत. वेंडेल मात्र फोन धरून तसाच बसला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही काय लिहिलंत ते वाचून दाखवाल?"

"अर्जदाराचं म्हणणं, आपलं काम चांगलं होतं, दररोज चांगलं होतं. मालकाकडून हरकत नाही."

"पुन्हा एकदा?"

"मिस्टर ब्रॉडनॅक्स, आज माझ्याकडे तुमच्यासारखे खूप लोक आहेत."

"हो मॅडम, कळतंय मला," वेंडेल म्हणाला. "फक्त एकदा."

त्या बाई थांबल्या. मग त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचलं.